धनेशाचं झाड आणि मामीचा पहारा

"कॅमेरा नाही म्हणता? मग रानात बघायला काय आलात, माझं तोंड?"

"डोळे आहेत की," तो माणूस म्हणाला.

"डोळे सगळ्यांनाच असतात. पाय उचला."

"कशाला?"

"उचला म्हणते ना. उजवा आधी. कठडा धरा, नाहीतर आपटाल आणि नाव माझं घ्याल."

माणसानं कठडा धरला आणि नाल ठोकायला उभ्या केलेल्या घोड्यासारखा पाय मागं उचलला. मामीनं बुटाच्या तळव्यातली माती काडीनं उकरून काढली, वरून ब्रश फिरवला आणि त्याला औषधाच्या पाण्यातून चालायला लावलं. फाटकाच्या आत सिमेंटचा एक उथळ हौद आहे. बाहेरच्या गवताचं बी बुटाला चिकटून रानात जाऊ नये, म्हणून येणाऱ्या प्रत्येकाला त्यातून जावं लागतं. नियम सरकारी आहे. पण काडी घेऊन खाचा उकरण्याचं काम मामीनं स्वतःकडे मागून घेतलेलं. त्यात तिचा दुसराच डाव होता. ज्याचा तळवा एकदा बघितला, त्याचा ठसा पुढं चिखलात कुठंही दिसला तरी ती ओळखायची. माणसाचा चेहरा ती विसरेल, तळवा नाही.

"धनेश दिसेल ना हो?" माणसानं दुसरा पाय उचलता उचलता विचारलं.

"नशिबात असला तर दिसेल."

"त्याची ढोली कुठल्या अंगाला आहे? मादी म्हणे आत स्वतःला कोंडून घेते."

मामीच्या हातातली काडी थांबली. कॅमेरा नाही, दुर्बीण नाही, खांद्याला एक कापडी पिशवी, हातात छत्री. आणि पहिल्या पाच मिनिटांत ढोलीची चौकशी! तिच्या मनात पाल चुकचुकली. मामीच्या मनातली पाल तशी कधी झोपलेली नसायचीच म्हणा.

या बाईचा स्वभावच तसा. दूधवाल्यासमोर दूध बोटावर घेऊन बघणार, भाजीवाल्याच्या तराजूखाली वाकून बघणार, मग वर त्याच्याकडेही बघणार. नवऱ्याचा गुडघा गेली कित्येक वर्षं दुखतोय आणि तो घरी बसून असतो. त्या गुडघ्यावरही तिचा पूर्ण विश्वास नाही. "उतारावर दुखतो, चढावर दुखतो, पण शेजारी पत्ते खेळायला जाताना नाही दुखत," असं ती चारचौघांत म्हणते, आणि नवरा हसतो. लेकीला बघायला मुलगा आला, तेव्हा सगळे त्याच्या नोकरीचं विचारत होते. हिनं त्याला बूट काढायला लावले आणि बूट उलटे करून बघितले. टाच एका बाजूनं झिजलेली होती. "हा माणूस एका अंगावर कलून चालतो," ती म्हणाली. पुढं तोच जावई झाला. लॉजवर जीप चालवतो आणि आजही सासूसमोर आला की नकळत सरळ उभा राहतो.

सगळं रान तिला मामीच म्हणतं. तिकिटाच्या खिडकीतला माणूस, लॉजचे आचारी, जीपवाले, वरचे साहेबसुद्धा. जावईही मामीच म्हणतो. त्यामुळं तो हाक मारतो ती सासूला की गाईडला, हे तिला आवाजावरून ठरवावं लागतं, आणि बहुतेक वेळा ती चुकीचंच ठरवते.

हे रान राखीव आहे. पाऊस वर्षाचा बराचसा काळ पडतच असतो. झाडं इतकी दाट की पाऊस थांबल्यावरही आत पाणी टपकत राहतं. वाटेवर जळवा, वर पानांचं छप्पर, आणि मधे ठरवून दिलेल्या एकाच पायवाटेनं रांगेनं चालणारे पर्यटक. वाट सोडायची नाही, हा पहिला नियम. तो मामी इतक्या जोरात सांगते की पुढच्या गटालाही ऐकू जातो.

धनेश हे या रानाचं मोठं पाखरू. चोच म्हणजे केळ्याएवढी, वर आणखी शिंगासारखा उंचवटा. त्याची मादी अंडी घालायला जुन्या उंच झाडाच्या ढोलीत शिरते आणि चिखल, विष्ठा असलं लावून आतून तोंड लिंपून घेते. फक्त चोच बाहेर निघेल एवढी फट ठेवते. मग पिल्लू मोठं होईपर्यंत ती आत, आणि नर बाहेरून फळं आणून फटीतून भरवणार. नर आला नाही तर आतले उपाशी. आणि नर मोठा भित्रा, जवळ माणूस दिसला की लांबच बसून राहतो.

काही वर्षांपूर्वी अशीच एक ढोली कुणीतरी फोडली. कुऱ्हाडीनं फट मोठी केली, पिल्लं नेली आणि मादीची पिसं झाडाखाली पडलेली सापडली. कोण ते कधीच कळलं नाही. असली पिल्लं पिंजऱ्यात ठेवायला लोक दुरून मागतात म्हणे. त्या दिवसापासून इथल्या गाईडांनी आपसात एक रीत ठेवली. ढोली ज्याला सापडली ती त्याची. त्यानं कुणाला सांगायचं नाही, अगदी साहेबांनाही नाही. साहेबांना फक्त एवढंच सांगायचं, "यंदा एक आहे." राखण ज्याची त्यानं करायची, पिल्लू उडेपर्यंत.

यंदाची ढोली मामीला सापडली होती.

आता संशयी माणसाच्या हातात असलं गुपित देणं म्हणजे पेटत्या चुलीत आणखी लाकडं सारणं. मामीला झोप लागेना. दुपारी गट परतले, लोक लॉजवर जेवायला बसले, की ती "जरा वाट बघून येते" म्हणून निघायची. पायवाट जीपच्या रस्त्याला टेकते त्या मोठ्या वळणावर ठरलेली वाट सोडायची, वेलींखालून वाकून आत शिरायची आणि झाडापाशी जाऊन वर बघायची. फटीतून चोचीचं टोक दिसलं की जीव भांड्यात पडायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा. आदल्या रात्री पाऊस जास्त झाला तर सकाळीही. एखादा पर्यटक जास्त गोड बोलला तर त्याच संध्याकाळीही.

आणि मग तिला खुणा दिसायला लागल्या.

पहिली खूण म्हणजे फांद्या. वळणावर ती जिथून आत शिरायची, तिथंच एक दिवस पानांसकट दोन फांद्या आडव्या पडलेल्या. वारं नव्हतं, वर मोडलेलं काही दिसेना. मामी खाली बसली, फांद्यांची टोकं बघितली. ताजी मोडलेली, हातानं. म्हणजे कुणीतरी खूण ठेवली होती. "इथून आत जा," असं आपल्या साथीदाराला सांगायची खूण. तिनं त्या फांद्या उचलून लांब दरीत भिरकावल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा फांद्या. पुन्हा भिरकावल्या. तिसऱ्या दिवशी तर चांगला भाराच. मामी मनात म्हणाली, चोर हट्टी आहे.

दुसरी खूण म्हणजे ठसे. झाडाखाली जिथं धनेशानं टाकलेल्या बियांचा खच पडतो आणि त्यातून कोवळी रोपं उगवतात, तिथं गमबुटाचे ठसे. गमबूट साधा, तळव्याला आडव्या रेघा. असे गमबूट लॉजवाले आपल्या पाहुण्यांना वापरायला देतात. खोलीबाहेर ओळीनं लावलेले असतात, सगळे एकाच छापाचे. तळवा ओळखण्यात मामीचा हात धरणारं कुणी नाही, पण जिथं सगळ्यांचा तळवा एकच, तिथं ती काय ओळखणार?

तिसरी खूण तिला सगळ्यांत जास्त बोचत होती. नर आता झाडावर येईना. फळ चोचीत धरून तो लांबच्या फांदीवर बसायचा, मान वाकडी करून बघायचा, आणि कधी कधी तसाच फळासकट उडून जायचा. मामीनं त्याचा अर्थ लगेच लावला. आसपास कुणीतरी आहे. ती गर्रकन वळायची, झुडपांमागं बघायची, मुळांच्या आड डोकवायची. कुणीच नसायचं. म्हणजे चोर लपण्यातही पटाईत.

आणि त्यात हा बिनकॅमेऱ्याचा आलेला.

तो लॉजवर आठवडाभर राहणार होता. एकटाच. रोज फेरीला यायचा, सगळ्यांच्या मागं रेंगाळायचा, मधेच उभा राहून कान द्यायचा. मामी पुढं चालताना मान मागं. एकदा तर ती स्वतःच मुळात अडखळली आणि रांगेतल्या बायका हसल्या. खिडकीतल्या माणसाकडं तिनं चौकशी केली.

"तो छत्रीवाला काय करतो रे?"

"निवृत्त आहे म्हणे, मामी. बँकेत की टपालात होता."

"की?"

"मला नक्की ठाऊक नाही."

"तेच तर. नक्की कुणालाच ठाऊक नाही."

"मामी, तुम्ही माझीही चौकशी करता का हो कुणाकडं?"

"तुझी झाली. तू आळशी आहेस, चोरी तुला झेपायची नाही."

पण बिनकॅमेऱ्याच्या पायात स्वतःचे बूट होते आणि त्यांच्या तळव्याला चौकटी चौकटी होत्या. मग गमबूट कुणाचे? लॉजचे गमबूट सहज हाताला लागतील असा माणूस कोण? विचार करता करता मामी जिथं पोचायला नको होती तिथंच पोचली. संध्याकाळी ती लॉजच्या मागं लेकीच्या खोलीवर गेली.

एकच खोली. एका भिंतीला पलंग, दुसऱ्या भिंतीला गॅस, खिडकीच्या गजांना वाळत घातलेले कपडे. या हवेत कपडे वाळत नाहीत, फक्त लोंबतात. लेक लॉजच्या खोल्या साफ करते. ती चादरींच्या घड्या घालत बसली होती. जावई पलंगावर होता. सासू दारात दिसताच तो उठून उभा राहिला.

"बसा, जावईबापू. मी काही साहेब नाही."

"चहा टाकू, मामी?"

"चहा मी पिऊन आले." तिची नजर दाराशी ठेवलेल्या गमबुटांकडं गेली. दोन जोड, दोन्ही ओले. "रानात गेला होतात वाटतं?"

जावई बायकोकडं बघायला लागला. लेकीनं घडी मोडली आणि पुन्हा घातली. "आई, इथं अंगणात गेलं तरी बूट भिजतात," ती म्हणाली.

"मी त्यांना विचारलं."

"जीपचं चाक रुतलं होतं," जावई म्हणाला.

"कुठं?"

"वळणावर."

मोठं वळण! मामीनं तोंडावर काही दिसू दिलं नाही. पदराला हात पुसला आणि सहज बोलल्यासारखं म्हणाली, "बाकी यंदाची ढोली बरी आहे हो. ओढ्याकाठचं ते पोकळ झाड आहे ना, त्यात. कुणाला बोलू नका."

असं सांगून ती निघाली. लेक दारापर्यंत आली, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मामीनं तेही टिपलं. आता लेकही त्यातलीच, असं तिच्या मनात आलं. ते मनात आल्याचा तिला स्वतःचाच राग आला, पण आलेलं मनातून जाईना.

दुसऱ्या दिवशी तिनं बिनकॅमेऱ्याच्या कानात दुसरीच पुडी सोडली. "तुम्ही चांगले गृहस्थ दिसता म्हणून सांगते. टेकाडावरच्या वाळक्या झाडात आहे."

"अरे वा," तो म्हणाला आणि एवढंच बोलला. एवढंच का बोलला, यावर मामी दिवसभर विचार करत राहिली.

ओढ्याकाठच्या झाडाखाली आणि टेकाडावरच्या झाडाखाली तिनं चिखल आणून हातानं गुळगुळीत थापून ठेवला होता. कुणी आलं की पाऊल उमटणारच. दुसऱ्या दिवशी जाऊन बघितलं, तर ओढ्याकाठी एका उदमांजराची पावलं, आणि टेकाडावर काहीच नाही. आणि खऱ्या झाडाखाली? गमबुटाचा ताजा ठसा. त्यात अजून पाणीही भरलं नव्हतं.

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, चला, दोघंही सुटले. मामी म्हणाली, दोघंही माझ्यापेक्षा बेरकी निघाले.

तिनं ठरवलं, आता हातानं धरायचा.

त्या दिवशी तिनं खिडकीत सांगितलं, पोट बिघडलंय, फेरी दुसऱ्याला द्या. आणि घरी न जाता वळणावरून आत शिरली. फांद्या होत्याच. त्या उचलून फेकल्या. झाडाची मुळं भिंतीसारखी उभी होती, पुरुषभर उंचीची. दोन मुळांच्या सांदीत ती अंग चोरून बसली. शेजारी एक ओलं लाकूड घेतलं, चोराच्या पाठीत घालायला.

पाऊस नव्हता, पण वरून टपटप चालू होती. जळवा तिच्या पायांवर चढल्या. रोज पर्यटकांच्या पायावर मीठ टाकून जळवा सोडवणारी ती, पण आज मिठाची पुडी काढली नाही. आवाज झाला असता. वर फटीतून चोच बाहेर आली, आत गेली, पुन्हा आली. नुसतीच उघडत होती, मिटत होती.

मग पंखांचा आवाज आला. धनेश उडाला की लोहाराचा भाता चालल्यासारखा आवाज होतो, लांबून कळतं. नर लांबच्या फांदीवर उतरला. चोचीत लालसर फळ. तो मान वाकडी करून बघायला लागला. मामीनं श्वास रोखला. तो बघतच राहिला. फटीतली चोच जोरजोरात हलत होती. नर एक फांदी पुढं आला, थबकला आणि वळून निघून गेला. फळ त्याच्याबरोबरच गेलं.

"आहे, इथंच आहे कुणीतरी," मामी पुटपुटली आणि लाकडावरची मूठ घट्ट केली.

तेवढ्यात पानं चुरडल्याचा आवाज आला. थेट तिच्याच वाटेनं कुणीतरी येत होतं. अडखळत नाही, शोधत नाही, आपल्या घरी यावं तसं. आधी गमबूट दिसले. मामीनं लाकूड उचललं, मुळाच्या आडून उडी घेतली, आणि ओरडायला उघडलेलं तोंड तसंच राहिलं.

"आई गं!" लेक दचकून मागं सरकली. "ते लाकूड खाली ठेव आधी."

"तू?"

"मीच."

"झाड कसं कळलं तुला?"

लेक हसली. वैतागून हसतात तसं. "बघ. हाच प्रश्न. मी यांना म्हटलं होतं, पहिला प्रश्न हाच येणार. म्हणूनच इतके दिवस तोंड उघडलं नाही."

"उत्तर दे."

"मागं बघ, आई."

"मागं काय आहे?"

"बघ म्हणते ना."

मामीनं मागं बघितलं. जिथून लेक आली, जिथून ती स्वतः रोज येत होती, तिथं वेली दोन्ही बाजूंना सरलेल्या होत्या. खाली पाला तुडवून काळी माती वर आली होती. मधे एक मूळ घासून घासून गुळगुळीत झालं होतं, पायरीसारखं. वळणापासून झाडापर्यंत चांगली स्वच्छ पायवाट झाली होती, आंधळ्यालाही सापडेल अशी. ठरलेल्या पायवाटेवर जागोजागी बाणांच्या पाट्या आहेत. इथं तर पाटीचीही गरज नव्हती.

"ही कुणी केली?" मामीनं विचारलं.

"कोण येतं इथं रोज?"

मामीनं त्या गुळगुळीत मुळावर आपलं पाऊल ठेवून बघितलं.

"लॉजवरचे दोन पाहुणे विचारत होते, ती आत जाणारी नवी वाट कुठं जाते म्हणून. यांनी ऐकलं. त्या दिवसापासून हे रोज पहाटेच्या फेरीला जीप थांबवतात आणि वाटेच्या तोंडावर फांद्या टाकतात, कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून. आणि तू रोज दुपारी येऊन त्या उचलून फेकतेस."

"मला वाटलं, चोराची खूण आहे."

"तुला दुसरं काय वाटणार? तिसऱ्या दिवशी यांनी मोठा भारा टाकला, तोही तू दरीत घातलास. मग मी इथं यायला लागले. कुणी पाहुणा आत शिरला नाही ना, एवढं बघायला. ते ठसे माझे."

"मला सांगायचं होतंत."

"काय सांगणार? हे म्हणाले असते, मामी, तुमच्या झाडाकडं वाट पडलीय, तर तू काय म्हणाली असतीस? झाड कुठं आहे ते तुम्हाला कसं ठाऊक, असंच ना? त्या दिवशी खोलीत आलीस, तेव्हा मी बोलणारच होते. तू बुटांकडं अशी बघत होतीस की माझी हिंमत झाली नाही. पोटच्या पोरीची."

वर फटीतून चोच पुन्हा बाहेर आली. दोघींनी वर बघितलं.

"नर येत नाही," मामी हळू म्हणाली. "आत्ताही आला आणि फळ घेऊन गेला."

"कुणाला भितो तो?"

मामीनं हातातलं लाकूड खाली ठेवलं. तिला आता पायांवरच्या जळवा जाणवल्या. एकेक ओढून काढायला लागली, मीठ न लावताच. रक्ताचे ओघळ आले.

"मग आता?" शेवटी तिनं विचारलं.

"आता यायचं नाही."

"आणि मी नसताना कुणी आलं, कुऱ्हाड घेऊन?"

"येईलही. पण वाट नसेल तर त्याला शोधावं लागेल, आई. या रानात चार दिवस पाय पडला नाही की गवत उभं राहतं. राहू दे ते."

"मला कळणार कसं, आतले जगले की मेले?"

"नाही कळणार."

मामीला आयुष्यात कुणी इतकी अवघड गोष्ट सांगितली नव्हती. डोळ्यांनी न बघता गप्प बसायचं! तिनं वर बघितलं, लेकीकडं बघितलं आणि उठली. पायवाटेकडं निघाली, तर लेकीनं तिचा दंड धरला.

"तिकडून नाही. इकडून."

इकडं वेताची काटेरी जाळी होती. दोघी त्यातून वाकत, ओरखडे काढून घेत निघाल्या. लेकीची ओढणी अडकली, मामीचं लुगडं फाटलं. मामी शिव्या देत होती, वेताला की स्वतःला हे सांगता येणार नाही. बऱ्याच पुढं गेल्यावर मागून भात्यासारखा आवाज आला. फस, फस, फस. आणि थांबला.

मामी जागच्या जागी उभी राहिली. मान वळायला लागली.

"चल, आई."

"तो उतरला. झाडावरच उतरला."

"असेल."

"कशावरून हाच तो? रानात दुसरेही असतात. नुसता बसला असेल आणि पुन्हा गेला असेल. एकदा बघून येऊ दे."

"चल म्हणते ना."

मामी चालायला लागली. पण तिचा कान मागंच होता.

वळणावर जीप उभी होती. जावई खांद्यावर फांद्यांचा भारा घेऊन वाटेच्या तोंडाशी होता. जाळीतून सासू बाहेर येताना बघून त्याच्या हातून भारा निसटला. तो सरळ उभा राहिला.

मामी त्याच्याकडं बघत राहिली. लेकीलाही वाटलं, आता ती काहीतरी बरं बोलेल. मामी वाकली आणि एक फांदी उचलली.

"फांद्या अशा टाकतात होय? पानं सगळी एका अंगाला, टोकं सगळी रस्त्याकडं. कुणीही सांगेल, मुद्दाम टाकल्यात. म्हणून तर मला संशय आला."

"चुकलं, मामी."

"पडलेली फांदी कधी बघितली नाहीत? काही पानं उलटी, काही दबलेली. धरा ती वेल. ओढू नका, नुसती सोडा."

तिघांनी मिळून वाटेचं तोंड बुजवलं. मामीनं ओंजळीनं पाला आणून काळ्या मातीवर पसरला, चार पावलं मागं जाऊन बघितलं, पुन्हा दोन पानं हलवली. जावई फांद्या देत होता, ती लावत होती. शेवटची फांदी घेताना ती त्याला म्हणाली, "टाचा अजून एका अंगानंच झिजतात का हो तुमच्या?"

"झिजतात."

"झिजू देत," ती म्हणाली.

पुढचे दिवस वाईट गेले. मामी रोज गट घेऊन वळणावरून जायची आणि डावीकडं बघायची नाही. ज्या बाईला शेजारणीच्या पातेल्यात डोकावल्याशिवाय चैन पडत नाही, तिनं एका झाडाकडं बघायचं नाही म्हणजे काय होत असेल? नवरा म्हणाला, "तुला ताप आलाय का?" ती म्हणाली, "तुमच्या गुडघ्यासारखा आलाय."

बिनकॅमेऱ्याचा जायच्या दिवशी फाटकाशी निरोप घ्यायला आला. मामीनं शेवटी विचारूनच टाकलं, "साहेब, खरं सांगा, कॅमेरा का नाही आणलात?"

"आहे की. लॉजवर कपाटात आहे. या दमट हवेत त्याला बुरशी लागते म्हणून बाहेर काढला नाही."

"मग आणलात कशाला?"

"मुलानं घेऊन दिलाय. नेला नाही तर रागावतो."

"आणि मी सांगितलेलं टेकाडावरचं झाड? तिथं का गेला नाहीत?"

"तुम्हीच म्हणता ना, वाट सोडायची नाही?"

तो गेला तेव्हा ती त्याच्या पाठीकडं बघत राहिली. कपाटात कॅमेरा! तिला ते पटलं, पण पुरतं नाही.

वळणावरच्या फांद्या आता वाळल्या आहेत आणि त्यांच्यामधून हिरवं वर आलंय. आत काय चाललंय, मामीला ठाऊक नाही. पिल्लू उडायचे दिवस अजून लांब आहेत. साहेबांनी विचारलं, "यंदा काय?" तिनं सांगितलं, "एक आहे." मग थोडं थांबून म्हणाली, "असावं."

"मामी, मोठा गट आलाय," खिडकीतून हाक आली. "शहरातली मंडळी आहेत. अर्ध्या जणांच्या पायात चपला."

"चपला? इथं काय बागेत फिरायला आलेत?" मामी पदर खोचत उठली. लॉजच्या ओट्यावर ती सगळी माणसं छत्र्या उघडून हसत उभी होती. तिनं जळवांचे मोजे भरलेली टोपली कमरेवर घेतली आणि त्यांच्यात घुसली. "गुडघ्यापर्यंत ओढा. अहो काकू, तो उलटा घातलात. सेल्फी नंतर काढा, आधी मोजे. आणि वाट सोडून कुणी पाऊल टाकलं, तर मी ओळखते बरं का. चला, रांगेत."

आणि ती पुढं चालायला लागली.